दाजीचा पाय

लग्नकार्यात कुणी माझ्या भावाची ओळख करून दिली की त्याचं गाव, त्याचं काम हे सगळं नंतर येतं. आधी येतं ते हे: "हेच ते. बहिणीला सासरी त्रास नको म्हणून फायनलात दाजीचा पाय सोडणारे." ऐकणारा मान डोलावतो, भावाकडं आदरानं बघतो. भाऊ ताटातल्या भाताकडं बघत बसतो. हे मी किती मांडवांत बघितलंय, आणि दर वेळी माझी छाती फुगायची. वाटायचं, बघा म्हणावं, असा भाऊ आहे का कुणाला! आता ते आठवलं की जीव नुसता जळतो.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीपण त्यांच्यासारखंच समजून बसाल.

माझं माहेर कर्नाटकात, भालकी तालुक्यात, मेहकरच्या थोडं पुढं. सासर उदगीरकडं, महाराष्ट्रात. मधे एक ओढा आणि दोन शिवारं. ओढ्याच्या अलीकडच्या दुकानांवर कन्नड पाटी, पलीकडच्या दुकानांवर मराठी, एसटी गाडीचा रंग बदलतो, बाकी काही म्हणता काही बदलत नाही. तूर तीच, ज्वारी तीच, शिव्या तर अगदी त्याच. आमच्याकडं पोरी ओढ्यापलीकडं देतात आणि सुना ओढ्यापलीकडून आणतात. परराज्य म्हणून कुणाच्या मनात येत नाही. यायचं ते फक्त कबड्डीच्या दिवसांत.

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या झाली, शेतात बसून भज्जी-आंबील खाऊन झाली, तुरीची रास घरात आली की कबड्डी सुरू व्हायची ती शिवरात्रीपर्यंत. कर्नाटक, महाराष्ट्र, तेलंगणा, तिन्ही राज्यांच्या सीमेवरच्या गावांचे संघ. दर रविवारी नवीन गाव. कधी औरादकडं, कधी जहीराबादच्या बाजूला, कधी पार आळंदपर्यंत. आमच्याकडची तांबडी माती पाणी मारून, रोलर फिरवून बसवली की पायाला गार लागते. आळंदकडं काळी. तिथं खेळून आलेल्या पोरांच्या चड्ड्या धुताना आयाबाया कबड्डीच्या नावानं बोटं मोडायच्या. ज्या गावात सामने असतील त्या गावानं पाहुण्या संघांना जेवू घालायचं, शाळेत निजायची सोय करायची. माईकवर बोलणारा मात्र सगळीकडं एकच. घडीत मराठी, घडीत कन्नड, घडीत आमची दखनी. "क्या पकड्या रे बाबा, हल्लूच नै दिया!" असं ओरडला की म्हाताऱ्यासुद्धा खदखदून हसायच्या. त्या माणसाचं तोंड एकाच दिवसापुरतं कुणी बंद केलं असतं तर आज मला हे लिहावं लागलं नसतं.

माझा भाऊ आमच्या गावाच्या संघातून, म्हणजे कर्नाटकाकडून खेळायचा, डाव्या कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या गड्याचं काम काय, तर समोरच्या संघाचा गडी चढाई करत आत आला, आणि त्यानं पाय टाकला, की खाली झेप घेऊन दोन्ही हातांनी घोटा धरायचा आणि सोडायचा नाही. त्याला परत मधली रेष गाठू द्यायची नाही. एवढंच काम, पण त्याच्यासाठी डोळा लागतो आणि काळीज लागतं. समोरच्याची टाच तोंडावर बसते. भावाचा पुढचा एक दात असाच गेला, आणि ह्या पठ्ठ्यानं तो दात खिशात घालून पुढची पकड केली. माय ओरडली तेव्हा म्हणाला, "दात काय, कवळी मिळती. पाय सुटला असता तर?"

आणि आमचे हे, म्हणजे माझे मालक, महाराष्ट्राकडून चढाई करायचे. सडपातळ, उंच, बोलायला कमी. घरात पाण्याचा तांब्या मागायचा तरी दोनदा विचार करणारा माणूस, पण मैदानात रेष ओलांडली की अंगात येत होतं की काय कोण जाणे. आमचं लग्न जमलं तेच कबड्डीवरून. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना आमच्याच गावच्या मैदानात बघितलं, आणि घरी येऊन मायला म्हणाले, "पोरगं धरवत न्हाई कुणाला. आपल्या पोरीच्या हाती देऊन बघू." लग्नात कानपिळीला भावानं त्यांचा कान असा पिळला की माझ्या सासूबाई खुर्चीतून उठल्या. दोघांची दोस्ती तिथूनच.

मी सासरी नवी होते त्या वर्षीची ही गोष्ट. मोसम सुरू झाला आणि दोघांचेही संघ जिंकत सुटले. गटच असे पडले होते की दोघं एकमेकांसमोर येतच नव्हते. आले तर थेट फायनलात. झालं, माईकवाल्याला खाद्य मिळालं. भावानं पकड केली की तो म्हणायचा, "सगळ्यांचे पाय धरतोय हो, पण दाजी आले की धरणार का धुणार?" आता हे का, ते सांगते. आमच्याकडं जावई दारात आला की मेव्हण्यानं घंगाळभर पाणी आणून त्याच्या पायावर घालायचं, पाय पुसायचे, पाया पडायचं. जावई वयानं लहान असला तरी. जावयाला वर मान करून बोलायचं नाही, त्याला खाली बसवायचं नाही, आणि पाडायचं तर नावच काढायला नको. म्हणून लोकांना त्या थट्टेत गंमत वाटायची. पहिल्या रविवारी गंमत होती. मग बाजारात, लग्नात, पिठाच्या गिरणीत, सगळीकडं तेच. "व्हय गं, तुझा भाऊ तुझ्या मालकाला पाडतो का बघू आता!" मी हसायची. दुसरं काय करणार? माय मात्र हसत नव्हती. माझी सासू कडक, हे तिला ठाऊक होतं, आणि तिनं एकदोनदा अप्पांपाशी विषय काढलाही. अप्पा म्हणाले, खेळ खेळासारखा होऊ दे. मायनं भावाला एक शब्द सांगितला नाही. मीही नाही. हे मी मायच्या गळ्याची शपथ घेऊन सांगते.

त्याच मोसमात बंगळूरहून एक माणूस यायला लागला. कुठल्याशा सरकारी खात्याच्या संघासाठी पोरं निवडत होता. पांढरी टोपी, मांडीवर वही, कुणाशी बोलणं नाही. तीन रविवार त्यानं माझ्या भावाला बघितलं. मग एकदा सामना झाल्यावर अप्पांना बाजूला घेऊन कन्नडमध्ये म्हणाला, की पोरगं चांगलं आहे, फायनल बघतो आणि घेऊन जातो. आधी शिबिर, मग संघ, आणि संघात टिकला की नोकरी. पक्की. अप्पा घरी आले ते सरळ देवघरात. आमच्या अख्ख्या भावकीत तोवर सरकारी नोकरी कुणाला नव्हती. भाऊ बारावीला दोनदा बसलेला, शेत एवढंसं, त्यात दोन चुलते वाटेकरी. त्याच्या हातात एकच गोष्ट होती, ते म्हणजे त्याचे हात. त्या आठवड्यात तो जेवायचा विसरायचा. उंबऱ्यात बसून आपल्याच बोटांकडं बघायचा. मायला म्हणाला, "माय, बंगळूरात भाकर मिळती का गं?" माय म्हणाली, "मी येईन की करून घालायला." दोघंही हसले, असं मायनं मला नंतर सांगितलं.

फायनल आली आमच्या गावात. ह्यांचा संघ शाळेत उतरला, पण हे जावई, त्यांना शाळेत कसं राहू देतील? सकाळी अप्पा स्वतः जाऊन घेऊन आले. मीही आले होतेच. अंगणात पाट मांडला, भाऊ घंगाळ घेऊन आला, आणि गल्ली सगळी दारात उभी. कुणी भिंतीवर चढलेलं. भावानं पायावर पाणी घातलं, चांगले घोटे चोळून चोळून धुतले. म्हणाला, "दाजी, नीट धुवून ठेवतो. संध्याकाळी धरायचेत, स्वच्छ पायजेत." हे कधी नव्हे ते मोठ्यानं हसले. म्हणाले, "धर की. अन् सुटलो तर रडू नको, पाव्हणं." दोघांच्या डोळ्यांत काय होतं ते मी बघितलंय. दोघांनाही एकमेकांशी खेळायची घाई झाली होती. पूर्ण मोसम ते त्याचीच वाट बघत होते. ते मला दिसलं होतं, तरी दुपारपर्यंत मी ते विसरून गेले, आणि गल्लीनं तर बघितलंच नाही. गल्लीनं बघितलं ते एवढंच, की मेव्हण्यानं दाजीचे पाय धुतले, पुसले, आणि पायावर डोकं ठेवलं.

सामना संध्याकाळी. आम्ही बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या. मी कुणाच्या बाजूनं ओरडायचं हाच मोठा घोर. माहेरच्या बायका कुशीला चिमटे घेत होत्या, आणि मी पदर तोंडात धरून उभी होते. दोन्ही संघ तोडीस तोड. आधी हे चढाईला आले तेव्हा भावानं दोनदा त्यांना पकडलं, आणि दोनदा हे त्याला चकवून गेले. म्हणजे बघा, दोनदा पकडलं होतं! पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. शेवटी गुण बरोबरीत, आणि शेवटची चढाई आमच्या ह्यांची.

ते आत आले. डावीकडं सरकले. भाऊ खाली वाकलेला, हात जमिनीजवळ. ह्यांनी पाय टाकला आणि भावानं झेप घेतली. धरला! दोन्ही हातांनी धरला. सगळं गाव ओरडलं. हे मधल्या रेषेकडं पडले, आणि मग काय झालं ते डोळ्याची पापणी लवेपर्यंत झालं. पाय निसटला, ह्यांचं बोट रेषेला लागलं, पंचानं हात वर केला. महाराष्ट्र एका गुणानं जिंकलं.

आणि माईकवाला म्हणाला, मराठीत, सावकाश, अगदी कीर्तनात बोलावं तसं: "सोडला हो! भावानं बहिणीसाठी दाजीचा पाय सोडला!" मग टाळ्या. बापरे, काय टाळ्या! जिंकलेल्यांपेक्षा हरलेलं आमचं गाव जास्त टाळ्या वाजवत होतं. बायका माझ्या गळ्यात पडल्या. माय रडत होती, मीही रडले. मैदानात माणसं घुसली, धूळ उडाली, दोघं कुठं आहेत ते दिसेना.

भाऊ ओरडत होता. "सोडलो न्हाई! सुटला!" मी ऐकलं नाही, पण ऐकलेले आहेत, आणि तेच नंतर कौतुकानं सांगत फिरले, की बघा, सोडला तो सोडला, वर कबूलही करत नाही, केवढं मन. तो जितका नाही म्हणायचा तितका मोठा व्हायचा. त्याला खांद्यावर घेतलं लोकांनी. हरलेल्या संघाच्या गड्याला! खांद्यावर बसून तो हात झटकत होता, आणि लोकांना वाटलं लाजतोय.

मग बक्षिसं. सर्वांत चांगला चढाई करणारा म्हणून ह्यांचं नाव पुकारलं. हे वर गेले, आणि ज्या माणसाला कधी चार माणसांत बोलता आलं नाही त्यानं माईक हातात घेतला. म्हणाले, "हे माझं न्हाई. मेव्हण्यानं पाय सोडला, सगळ्यांनी बघितलंय. सोडलेल्या पायाचं बक्षीस मला नको. त्याचं मन मोठं हाय, पण मला फुकटचं पचत न्हाई." ढाल टेबलावर ठेवली आणि खाली उतरले. परत टाळ्या. मला तर वाटलं, माझ्यासारखी नशीबवान बाई तिन्ही राज्यांत नाही. एकीकडं असा भाऊ, एकीकडं असा नवरा.

पांढऱ्या टोपीच्या माणसाला मराठी येत नव्हतं. त्यानं शेजारच्याला विचारलं, काय म्हणतोय. शेजारच्यानं कन्नडमध्ये सांगितलं, आणि चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं असणार. त्यानं वही मिटली. अप्पा हात जोडून गेले तेव्हा तो रागानं काहीच बोलला नाही. उलट गोड बोलला. म्हणाला, एक पकड हुकली तर मला काही वाटत नाही, सगळ्यांची हुकते. पण नातं बघून हात ढिला करणारा माणूस संघात चालत नाही. त्याच्याच दाजीनं माईकवर सांगितलं, आता मी वर काय सांगू? भाऊ धावत जीपजवळ गेला. त्याचं मोडकंतोडकं कन्नड त्या वेळी आणखीच मोडलं. "नाऽनु बिडलिल्ला सर," मी सोडलो नाही सर, एवढंच म्हणत राहिला. त्या माणसानं खिडकीतून हात काढून त्याच्या गालावर थोपटलं. आणि जीप गेली.

ते तिथंच संपलं. नोकरी गेली. आणि आम्ही सगळे काय करत होतो? त्याचं कौतुक! हरलेल्या लेकरासाठी कुणी डोळ्यांत पाणी आणतं, समजूत काढतं. त्याच्या वाट्याला तेसुद्धा आलं नाही. "नोकरीवर पाणी सोडलं बहिणीसाठी" म्हणून गोष्ट आणखी मोठी झाली. सासूबाईंनी मला पहिल्यांदा स्वतःच्या हातानं वाढलं ते त्यानंतर. "तुझ्या भावानं आमच्या पोराचा मान राखला," म्हणाल्या. तिथून पुढं मला त्या घरात कुणी वाकडं बोललं नाही. पंचमीला न मागता माहेरी पाठवायचे. ते सगळं सुख मी भोगलं. भावाच्या नोकरीचं सुख मीच खाल्लं म्हणायचं की.

हे मात्र बदलले. पुढच्या येळवशीनंतर पोरं बोलवायला आली, हे गेलेच नाहीत. म्हणाले, "माणसं दया करून पाय सोडायला लागली, मग खेळायचं कशाला?" मग आम्ही चिटगुप्प्याला आलो, मोटारी भरायचं दुकान टाकलं. पाण्याच्या मोटारी जळतात, त्यांच्या तारा नवीन गुंडाळून द्यायच्या. दुकान बरं चालतं. पण टीव्हीवर कबड्डी लागली की हे उठून जातात. आणि भाऊ आला की नीट बोलतात, चहा पाजतात, पण आम्ही माहेरी गेलो की त्याला पायावर पाणी घालू देत नाहीत. "राहू दे, राहू दे," म्हणत आधीच नळाखाली धुऊन घेतात. भावाला वाटायचं दाजी अजून रागात आहेत, माझ्यामुळं त्यांची जीत बाटली. ह्यांना वाटायचं, ह्याच्या उपकारात किती दिवस राहायचं. मला दोघांचंही दिसत होतं आणि मी म्हणायची, पुरुषांचं पुरुषांना माहीत.

भाऊ बिदरजवळच्या कोळारला कामाला लागला. गोदामात पोती चढवायची, उतरवायची, आता गाड्यांची नोंद ठेवतो. बिदरात भाड्यानं राहतो. बायको गुणाची आहे, दोन पोरी आहेत. मी त्याला बिचारा म्हणणार नाही, त्याला आवडत नाही. पण गोदामाच्या कामानं त्याचे हात असे झालेत की पोरीच्या कानात रिंग घालायची तर बायकोला हाक मारतो.

ह्या वर्षी तुरीच्या दिवसांत तो सुट्टीवर आला होता. हे दुकानात. मी सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, निवडत बसले होते, आणि तो माझ्यासमोर भिंतीला टेकून मोबाईलवर कबड्डी बघत होता. अचानक ओरडला, "अक्का, अक्का! हे बघ! हेच दाजीनं केलते!" मी वाकून बघितलं. कुणीतरी गडी कुणाच्या तरी हातातून पाय सोडवून घेत होता. भावानं मोबाईल खाली ठेवला, माझ्या पाटाचा खूर दोन हातांनी धरला आणि दाखवायला लागला. "असं धरलतो मी. पक्का. पण दाजीनं पाय टाकला अन् अर्धा श्वास थांबले. कुणीच थांबत न्हाई गं तिथं. त्यामुळं माझा हात घोट्याच्या जरा वर बसला. मग टाच आत वळवले अन् गुडघा मोडून ओढले. काय माणूस! त्यानंतर टीव्हीवर बघायलो येवढी वर्षं, आज पहिल्यांदा कुणी केला तसं."

मी हसले. म्हणाले, "असू दे रे. सोडलतास की तू."

त्यानं माझ्याकडं बघितलं. पाटाचा खूर सोडला. "अक्का," म्हणाला, "तू बी?"

तो रागावला नाही, तेच वाईट वाटलं. रागावला असता तर भांडले तरी असते. तो म्हणाला, "अगं, मी सोडीन कशाला? बंगळूरची नोकरी होती. दाजीला धरून पाडलो असतो तर दाजीच पहिले खुश झाले असते. सकाळीच बोललो न्हवतो का आम्ही? मी हरलो अक्का. साफ हरलो. माझ्यापेक्षा चांगल्या माणसानं हरवलं. तेवढं सुद्धा माझं मला ठेवू दिले न्हाईत तुमी लोकं."

सोल्यांची परात मी तशीच ठेवली. त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "कामून रे, कामून बोलला न्हाईस?" तो म्हणाला, "बोललो की. किती बोलायचं? मी बोललो की लोकं अजून पाया पडायला बघायची." आणि खरंच होतं ते. लग्नात कुणी असं म्हणालं की सुरुवातीला तो सांगायचा, तसं नाही हो. मी स्वतः कितीदा त्याचा हात दाबून गप्प केलंय. वाटायचं, किती तो साधेपणा.

तो गेला दुसऱ्या दिवशी. मी दोन दिवस घरात फिरत राहिले. ह्यांना सांगावं की नको? सांगितलं तर ह्यांची जीत ह्यांना मिळेल, आणि त्याच घासाला हेही कळेल की आपण त्या स्टेजवर काय करून बसलो. पण मला वाटलं, आणखी किती दिवस खोट्याचा संसार करायचा. दुपारचा डबा घेऊन दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. ह्यांच्या हातात तांब्याची तार होती. मी सगळं सांगितलं, पाटाचा खूर धरून दाखवलेलंसुद्धा. अर्धा श्वास थांबले, टाच आत वळवली, हे मी म्हणाले आणि ह्यांचे हात थांबले.

"टाच वळवली होती मी," म्हणाले. "हे त्याला कसं कळलं? हातात पाय नसता तर कळलं नसतं." मग हातातली तार खाली ठेवली. "मी वर जाऊन काय बोललो गं," म्हणाले. "त्या टोपीवाल्यासमोर मी काय बोललो."

डबा तसाच राहिला. ह्यांनी फोन लावला. दुकानात हात गुंतलेले असतात म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायची आणि मोठ्यानं बोलायची त्यांना सवय आहे, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

"पाव्हणं," हे म्हणाले, "खरं सांग. त्या दिवशी तू सोडला न्हाईस?"

"न्हाई दाजी."

"जोर लावलतास?"

"हाय न्हाई तेवढा."

ह्यांचा आवाज चढला. "मग मला कामून बोलला न्हाईस? येवढी वर्षं? मला एकट्याला सांगितला असतास तरी मी त्या माणसाच्या जीपीसमोर आडवा पडलो असतो. तुझी नोकरी होती लेका ती!"

पलीकडं गोदामात गाडी मागं घ्यायचा आवाज येत होता.

"सगळ्यात आधी तुमालाच सांगितलो, दाजी," तो म्हणाला. "मैदानातच. धुळीतून उठताना. तुमी मला उराशी धरलाव, अन् म्हणलाव, गप, माझ्यापाशी तरी खोटं बोलू नको."

भाऊच म्हणाला, "ठेवू का दाजी? गाडी लागलीय," आणि वाट बघत राहिला. त्यानं फोन ठेवला नाही, आणि ह्यांच्यानं ठेव म्हणवत नव्हतं.